फ्रूट कॉबलर

फ्रूट कॉबलर : रसदार फळांच्या फोडी खोलगट भांड्यात पसरून, त्यांवर मैदा, लोणी आणि दूध यांच्या सैलसर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ. मूळ अमेरिकेतला. खाली उकळून दाट झालेला फळांचा रस आणि वर सोनेरी, बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ कवच, असे त्याचे रूप असते. ‘पाय’ (pie) या पाश्चात्त्य भाजलेल्या पदार्थात फळांच्या खालीही पारी लागते आणि ती नीट लाटावी लागते. कॉबलरला सहसा तळाची पारी नसते आणि लाटणेही नसते. पीठ चमच्याने गोळ्यागोळ्यांनी फळांवर सोडायचे, मध्ये फटी राहिल्या तर राहू द्यायच्या. त्या फटींतूनच वाफ बाहेर पडते, रस उसळून वर येतो आणि भांड्याच्या कडेला आटून चिकट, किंचित करपट-गोड होतो. कॉबलरचा सर्वांत चवदार भाग हा कडेचाच.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांना मायदेशातली पुडिंगे करायला लागणारे साहित्य आणि भांडी नव्या मुलखात सहज मिळत नव्हती. विस्तव, बिडाचे भांडे, मिळतील ती फळे आणि थोडे पीठ एवढ्यावर भागवावे लागे. शिजणाऱ्या फळांवर कच्च्या पिठाचे गोळे ठेवून झाकण लावायचे आणि झाकणावर निखारे रचायचे, ही त्यांनी काढलेली वाट. या कामाच्या जाड बिडाच्या भांड्याला ‘डच ओव्हन’ म्हणतात. निखारे घसरू नयेत म्हणून त्याच्या झाकणाला उभी कड असते. कोकणात काकडीचे धोंडस भाजताना पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे असत, तीच ही युक्ती. दोन्हीकडे भट्टी नसलेल्या घराने वरच्या आचेची सोय स्वतः केली.

लेटिस ब्रायन यांच्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ (१८३९) या पाकपुस्तकात पीचच्या पॉट-पायला कॉबलर असेही म्हणतात अशी नोंद आहे आणि पीच चांगले पिकलेले घ्यावेत असे बजावले आहे. तेव्हाचा कॉबलर पायच्या बराच जवळचा होता. बेकिंग पावडर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर घराघरांत पोहोचली, तेव्हा वरचा थर आजच्यासारखा फुगीर झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः जॉर्जियात, पीचच्या बागा वाढल्या आणि पीच कॉबलर तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या रविवारच्या जेवणाचा भाग बनला. ब्रिटनमध्ये मांसाच्या रश्शावर पिठाचे गोळे ठेवून तिखटमिठाचा कॉबलरही करतात.

वरच्या थरावरून कॉबलरचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात थंड लोणी मैद्यात चोळून दुधाने सैल गोळा करतात. दुसऱ्यात भांड्यात लोणी वितळवून त्यावर मैदा, साखर आणि दूध यांचे भज्यांच्या पिठाइतपत घोळलेले मिश्रण ओततात आणि फळे वरून सोडतात. भाजताना मिश्रण फुगून फळांना पोटात घेते. दुसरा प्रकार आणखी सोपा आहे, पण तो केककडे झुकतो आणि फळ हरवते. फळासाठी कॉबलर करायचा तर पहिलाच प्रकार करावा. क्रंबल आणि क्रिस्प हे याच कुळातले, पण त्यांच्यावर ओले पीठ नसून लोण्यात चोळलेला कोरडा चुरा असतो.

बडोद्यात हा पदार्थ सहज रुजावा याला कारणे आहेत. पहिले म्हणजे यात अंडे लागत नाही. अंडे वगळून केलेला केक पुष्कळदा तडजोड वाटतो. कॉबलरच्या मूळ कृतीतच अंडे नाही, त्यामुळे सोवळ्याच्या घरातही काही बदलावे लागत नाही. दुसरे म्हणजे फळे. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९०६ मध्ये बांधलेल्या खंडेराव मार्केटात एप्रिलपासून राजापुरी कैऱ्यांचे ढीग लागतात आणि मे उजाडला की सौराष्ट्रातल्या तालाळा-गीर भागातला केसर आंबा येतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत याच दिवसांत साखरांबा आणि गुळांबा होतो, शेजारच्या गुजराती घरांत छुंदा. उसळीवर शेव घालून सेव-उसळ आपलीशी केलेल्या या गावाला कैरी आणि मैदा एकत्र आणणे जड जाऊ नये.

कॉबलरची कृती पाठ करण्यापेक्षा समोरच्या फळात पाणी किती आणि आंबटपणा किती, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असते, पीचमध्ये ८९, सफरचंदात ८६, आंब्यात ८३ आणि चिकूत ७८ च्या आसपास. साखर लावली की फोडींतले पाणी सुटू लागते आणि उष्णतेने पेशी फुटल्या की राहिलेलेही बाहेर येते. म्हणून स्ट्रॉबेरीला कॉर्नफ्लोअर जास्त लागते, सफरचंदाला कमी. सफरचंद टणक असल्याने ते आधी थोडे शिजवावे लागते, नाहीतर वरचे कवच झाले तरी फोडी कचकचतात. आंबटपणाचा हिशेब पाण्याइतकाच मोठा आहे. अमेरिकन कृती पीच, ब्लॅकबेरी, आंबट चेरी अशा फळांसाठी लिहिलेल्या असतात. त्यातली साखर तशीच्या तशी केसर आंब्याला लावली, तर पदार्थ नुसता गोडमिट्ट होतो.

यावर उत्तम उतारा कैरीचा. पिकलेला केसर सुगंध आणि रंग देतो, राजापुरी कैरी आंबटपणा आणि पेक्टिन देते. पेक्टिनमुळे रसाला मुरंब्यासारखी पकड येते. राजापुरी मोठी, गरदार आणि कमी रेषेची, म्हणून तिच्या फोडी सुबक पडतात. लिंबू पिळूनही आंबटपणा येतो, पण लिंबाची चव आंब्याच्या बाजूला उभी राहते, कैरीची आंब्यातच मिसळते. चिकू एकटा घेऊ नये, त्यात आंबटपणा जवळजवळ नाही आणि भाजल्यावर गोडी अंगावर येते. संत्र्याच्या रसात आणि सालीच्या किसात घोळला तर चालतो. जांभळाचा रंग देखणा येतो, मात्र बिया काढण्याचे काम चिकाटीचे आहे आणि तुरटपणा झाकायला साखर वाढवावी लागते. हिवाळ्यात पेरू आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांची जोडी चांगली जमते. पेरूच्या बिया मात्र काढाव्यात.

चार ते सहा जणांना पुरेल अशा, २० सेंमी चौकोनी भांड्यासाठी केसरच्या मोठ्या फोडी ६०० ग्रॅम आणि सोललेल्या कैरीच्या बारीक फोडी २०० ग्रॅम घ्याव्यात. कैरी ८० ग्रॅम साखरेबरोबर पातेल्यात ठेवून फोडी पारदर्शक दिसू लागेपर्यंत शिजवावी. मग आंबा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ घालून एक उकळी आणावी. कॉर्नफ्लोअरऐवजी साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून घातला तर रस अधिक पारदर्शक, चकचकीत होतो. अमेरिकेतही पायच्या सारणाला टॅपिओका वापरतात, तोही साबुदाण्यासारखाच कसावाच्या कंदाचा.

वरच्या थरासाठी १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम साखर आणि दीड छोटा चमचा बेकिंग पावडर एकत्र चाळावी. त्यात ६० ग्रॅम लोणी घालायचे ते गार हवे आणि बडोद्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, खरी परीक्षा इथे होते. लोणी हाताच्या उबेने वितळले, की ते मैद्यात जिरते आणि कवच खुसखुशीत न होता दडस होते. गार लोण्याचे कण मैद्यात वेगळे राहिले, तर भट्टीत ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि थरात पोकळ्या पडतात. यासाठी लोण्याची वडी फ्रीझरमध्ये दगडासारखी घट्ट करावी आणि किसणीवर किसून थेट मैद्यात पाडावी. किसताना वडी तिच्या कागदातच धरली तर बोटांची ऊब लागत नाही. कीस काट्याने हलकेच मिसळून ताट परत फ्रिजमध्ये ठेवावे. शेजारच्या आणंदचे अमूल लोणी पिवळे आणि खारट असते, ते वापरल्यास पिठात वेगळे मीठ नको. घरचे पांढरे लोणी घ्यायचे तर त्यातले ताक पूर्ण निथळलेले असावे.

शेवटी साधारण १०० मिलि. गार दूध घालून काट्याने जेमतेम एकत्र करावे. मळायचे अजिबात नाही. मळले की मैद्यातले ग्लुटेन ताणले जाऊन थर चिवट होतो. पिठात कोरडे ठिपके दिसले तरी हात आवरावा. दुधाऐवजी ताक घातल्यास पाव छोटा चमचा खायचा सोडाही घालावा. ताकातल्या आम्लाशी सोड्याची क्रिया होऊन लगेच वायू सुटतो, म्हणून असे पीठ थांबवून ठेवू नये.

सारण गरम असतानाच पिठाचे गोळे त्यावर सोडावेत. ही पायरी लहान दिसते, पण कॉबलर बिघडतो तो बहुधा इथेच. गार फळांवर पीठ घातले, तर वरून तांबूस रंग येईतो खालची बाजू कच्चट, लगद्यासारखी राहते. गरम रसावर पडलेले पीठ तळाकडून लगेच शिजू लागते. १९० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओटीजीत (विजेच्या घरगुती भट्टीत) ३५ ते ४० मिनिटे भाजावे. रस उतू जातो, म्हणून भांड्याखाली ताटली ठेवावी. झाले की नाही हे रंगावरून ठरवू नये. कडेला पातळ रसाचे भराभर फुटणारे बुडबुडे दिसले तर अजून वेळ आहे. मधल्या फटीतून जाड, संथ बुडबुडे येऊ लागले की कॉर्नफ्लोअर पुरते फुलले, कारण त्याला घट्ट व्हायला जवळजवळ उकळीइतके तापमान लागते. गोळ्याच्या पोटात सुरी घालून ती कोरडी बाहेर येते का, हेही पाहावे.

ओटीजी नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि झाकण, या केकच्या घरगुती पद्धतीनेही कॉबलर होतो. तेव्हा आच फक्त खालून मिळते आणि झाकणावर जमलेल्या वाफेचे थेंब पिठावर पडतात. झाकण किंचित कलते ठेवल्याने वाफ निघून जाते. शेवटच्या दहा मिनिटांत झाकणाऐवजी खूप तापवलेला लोखंडी तवा कढईवर ठेवला तर वर थोडा रंग येतो. मायक्रोवेव्हमध्ये, कन्व्हेक्शनची (गरम हवा फिरवून भाजण्याची) सोय नसेल तर, कॉबलर करू नये, कवच पांढरे आणि ओलसर राहते.

भट्टीतून काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटे थांबणे आवश्यक आहे. निवताना रस आळतो, लगेच वाढला तर ताटलीत पाणी पसरते. अमेरिकेत सोबत व्हॅनिला आइस्क्रीम देतात. आंबा-कैरीच्या कॉबलरवर बिनसाखरेची घट्ट साय किंवा हलका फेटलेला चक्का अधिक शोभतो, कारण गोडी फळात पुरेशी असते. उरलेला कॉबलर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. कवच ओलावते, पण ओटीजीत १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे तापवले की वरचा थर पुन्हा कुरकुरीत होतो.