नव्या साहेबांचा पायगुण

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत पितळी नळ चोरीला जायला लागले. गच्चीवरचा गेला, पार्किंगमधला गेला, गणपतीच्या तोंडावर बागेतलाही गेला. दोन महिन्यांत सात नळ. सभेत आवाज चढले, जुन्या वॉचमनला नारळ दिला आणि नव्या एजन्सीचा, कोणाशी ओळखदेख नसलेला सुपरवायझर आला. पुढच्या दोन महिन्यांत एकच नळ गेला. ‘एकेकाचा पायगुण असतो हो,’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात ठाण्यातल्या सोनसाखळी चोऱ्यांवरून ग्रुपवर वाद पेटला. निम्म्यांचं म्हणणं, पोलीस खातं बिघडलं की कोणाचं काही लागत नसलेला कडक साहेब बाहेरून आणावा. आमच्याच विंगमधल्या निवृत्त हवालदारकाकांना ते अजिबात पटलं नाही. ‘साहेब येतात नि जातात. बाहेरच्याला इथल्या गल्ल्या कळेपर्यंत त्याच्या बदलीचा कागद निघतो. आतलाच पाहिजे.’

हा वाद जगभर चालतो. लॉस एंजेलिसचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये तिथल्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय गाडीचालकाला मारहाण केली, १९९२ मध्ये मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहर पेटलं. खात्यातच वाढलेले पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स गेले आणि फिलाडेल्फियाहून विली विल्यम्स यांना आणलं. पाच वर्षांत त्यांना कंटाळून १९९७ मध्ये पुन्हा आतले बर्नार्ड पार्क्स. मग २००२ मध्ये बाहेरचे विल्यम ब्रॅटन आणि २००९ मध्ये परत आतले चार्ली बेक. सासूला कंटाळून माहेरी जावं आणि माहेरी कंटाळून सासरी यावं, तसा हा प्रकार. पण प्रत्येक बदलानंतर ‘बघा, फरक पडला’ म्हणणारे असतातच. तो फरक साहेबांमुळे पडला हे ठरवायचं कसं, हा माझा आवडता प्रश्न आहे. त्याचं उत्तर गुन्हेशास्त्रात शोधण्याआधी सापशिडीच्या डब्यात शोधू.

समजा एका शहरात ३६ पोलीस चौक्या आहेत आणि सगळ्या अगदी सारख्या. तेवढेच पोलीस, तेवढेच चोर. दर महिन्याला प्रत्येक चौकीच्या नावाने दोन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल तेवढ्या चोऱ्या झाल्या असं धरायचं. बेरजेची सरासरी ७ येते, शाळेत केलेलं गणित आहे. पण दोन्ही फाशांवर सहा पडण्याची शक्यता ३६ त एक, म्हणून एखाद्या चौकीच्या वाट्याला १२ चोऱ्या येतील. दोन चौक्यांना ११, तिघींना १०. आयुक्त या सहा ‘बिघडलेल्या’ चौक्यांचे अधिकारी बदलतात. सहा चौक्यांच्या मिळून ६४ चोऱ्या, म्हणजे सरासरी जवळपास १०.७.

पुढच्या महिन्यात पुन्हा फासे टाका. फाशाला मागचं काही आठवत नाही. या सहा चौक्यांची अपेक्षित सरासरी आता इतरांसारखीच, ७. म्हणजे गुन्हे एक तृतीयांशाहून जास्त उतरले! नवे साहेब हारतुरे घेतील, बातमी छापून येईल. प्रत्यक्षात त्यांनी काही केलं नाही, आणि आधीच्यांनीही काही बिघडवलं नव्हतं.

खऱ्या चौक्या अर्थातच सारख्या नसतात. वाईट आकड्यात काही भाग खरा असतो, काही निव्वळ योगायोगाचा. या वाटणीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने, १८८६ मध्ये, आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीची मोजमापं तपासताना. आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील तर मुलं साधारण दोनच इंच उंच निघत होती. म्हणजे फरकाचा दोन तृतीयांश भाग टिकला, बाकीचा विरला. गुन्ह्यांच्या बाबतीत हा टिकाऊ वाटा निम्मा धरू. सरासरी ७ असताना एका चौकीत ११ चोऱ्या झाल्या, म्हणजे चार जास्त. त्यातल्या दोनच पुढे टिकतील, म्हणून पुढचा अंदाज ९. साहेब बदला वा ठेवा, ११ वरून ९ पर्यंतची घसरण फुकटात मिळते. साहेबांचं कर्तृत्व मोजायचं ते ९ च्या खालचं.

(हे जड वाटत असेल तर दोन फासे आणि एक वही घ्या. दहा मिनिटांत पटेल.)

आता आतला-बाहेरचा. कारभार सुरळीत असताना कोणी बाहेरून माणूस आणत नाही, हाताखालच्यालाच बढती मिळते. बाहेरचा बोलावतात तो पाणी नाकाशी आल्यावर, म्हणजे आकडा नेमका १२ वर असताना. त्यामुळे बाहेरच्याला सरासरीकडे परत येणारा आकडा आयता मिळतो. आतला मात्र बऱ्याचदा आकडा ४ वर असताना खुर्चीत बसतो आणि तो ७ कडे चढायला लागला की लोक म्हणतात, याच्या हातून सुटलं. दोघांची क्षमता तंतोतंत सारखी असली तरी यादीत बाहेरचे हुशार दिसतील आणि आतले सुमार.

हॉलंडच्या फुटबॉलमध्ये हे तपासून झालंय. बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातले तिथले सामने पाहिले. सतत हरणाऱ्या संघाने प्रशिक्षक हाकलला की संघ सावरतो, हे खरं निघालं. पण तितकेच हरणारे आणि प्रशिक्षक न बदलणारे संघही तसेच सावरत होते.

पोलिसांच्या कामातलं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या कनेक्टिकटचं. १९५५ मध्ये तिथे रस्त्यांवर ३२४ माणसं मेली. राज्यपालांनी वेगाने गाडी चालवणाऱ्यांवर कडक कारवाई सुरू केली आणि १९५६ मध्ये आकडा २८४ वर आला. वाहवा झाली. १९६८ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल आणि लॉरेन्स रॉस या संशोधकांनी आधीच्या वर्षांचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा १९५५ हेच भलतं वर चढलेलं वर्ष दिसलं. तिथून उतार अपेक्षितच होता.

आणि ब्रॅटन? ते न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त झाले १९९४ मध्ये. शहरात १९९० साली २,२४५ खून झाले होते आणि तेव्हापासूनच आकडा उतरत होता. त्याच दशकात सगळ्या अमेरिकेतले खून १९९१ च्या २४,७०० वरून १९९९ पर्यंत १५,५०० च्या आसपास आले, जिथे ब्रॅटन कधी फिरकलेही नव्हते तिथेही.

पायगुण या शब्दावर माझा राग आहे तो यामुळेच. नवी सून आली आणि त्याच महिन्यात सासऱ्यांचा धंदा बसला की ती पांढऱ्या पायाची ठरते. धंदा आदल्या वर्षी नको इतका चालला होता, हे कोणी बघत नाही. एका पोलीस चौकीच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली मी स्वतः पाहिली आहे. ‘डॅशिंग’ साहेबांचे रील बनवणाऱ्यांना मात्र आपण अंधश्रद्ध म्हणत नाही.

मग साहेबांचा काहीच फरक पडत नाही का? पडतो. रॉबर्ट मार्क १९७२ मध्ये लंडनच्या पोलीस दलाचे आयुक्त झाले. ते आधी लेस्टर शहराचे पोलीसप्रमुख होते, त्यामुळे लंडनच्या गुप्तहेर शाखेला उपरेच. त्यांच्या काळात भ्रष्टाचारावरून शेकडो पोलिसांना खातं सोडावं लागलं. हे फाशाने होत नाही, त्यासाठी कोणीतरी कागदावर सही करावी लागते. आतल्या माणसाला ती जड जाते, कारण समोर बॅचमेट असतो, एकाच मेसमध्ये जेवलेला.

आपल्याकडे ही विभागणी तशीही धूसर आहे. ठाण्याचं आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं. दोन्हीकडचे आयुक्त आयपीएस, गृह विभागाच्या आदेशाने येणारे, म्हणजे हवालदाराच्या नजरेत कायमच बाहेरचे. माझ्या मते खरा प्रश्न ते किती दिवस टिकतात हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात पोलीस महासंचालकांना आणि प्रत्यक्ष मैदानात काम करणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं द्या, असं सांगितलं. न्यायालयाचा रोख राजकीय दबावाकडे होता, पण संख्याशास्त्रही तेच सांगतं. दोन फाशांची बेरीज दर महिन्याला सरासरीपासून साधारण २.४ ने इकडेतिकडे होते. २४ महिन्यांची सरासरी काढली की ही हालचाल २४ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे पाचाने भागली जाते आणि २.४ वरून जेमतेम ०.५ वर येते. सहा महिन्यांत बदली झालेल्या साहेबांबद्दल बरं-वाईट काहीच खात्रीने बोलता येत नाही.

एक घोळ मात्र फाशांमध्ये नाही. फासा खोटं बोलत नाही, नोंदवही बोलू शकते. गुन्हा दाखलच न करण्याला पोलिसांत ‘बर्किंग’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालानंतर दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक आहे, तरी ‘एनसी’वर, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद करून, बोळवण होतेच. त्यामुळे सच्चा साहेब आला आणि ‘येईल ती तक्रार घ्या’ म्हणाला, तर पहिल्या सहा महिन्यांत गुन्हे वाढलेले दिसतील आणि बिचाऱ्याचा पायगुण वाईट ठरेल. म्हणूनच ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमचं काय चोरीला गेलं?’ असं वेगळं विचारतात. पोलिसांच्या वहीशी ती बेरीज ताडून बघता येते.

हवालदारकाकांना विचारलं, नवीन साहेब कसे आहेत हे तुम्ही कशावरून ओळखायचात? ते म्हणाले, ‘मोबाईलवरून. चोरीला गेलेला मोबाईल चोरीत लिहितात का गहाळमध्ये, ते बघायचं.’ माझा मोबाईल कळवा ते ठाणे दरम्यान लोकलच्या दारात उभा असताना कोणीतरी हातातून हिसकला होता, २०१९ मध्ये. दाखला अजून कपाटात आहे. त्यावर ‘गहाळ’ लिहिलंय.