ऑस्ट्रेलियातील वाहतूक

ऑस्ट्रेलिया या खंडदेशातील रस्ते, लोहमार्ग व हवाई वाहतूक यांची व्यवस्था. देशाचे क्षेत्रफळ सु. ७६.९ लाख चौ. किमी. म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक असले, तरी वस्ती विरळ असून ती मुख्यत्वे आग्नेय व पूर्व किनाऱ्याला धरून आहे. एकोणिसाव्या शतकात येथे सहा स्वतंत्र ब्रिटिश वसाहती होत्या. प्रत्येक वसाहतीने आपापल्या बंदरापासून आतल्या मुलखाकडे मार्ग नेले. शेजारच्या वसाहतीशी जोडले जाण्याची निकड कोणालाच वाटली नाही. १ जानेवारी १९०१ रोजी संघराज्य स्थापन झाले, तरी रेल्वे राज्यांकडेच राहिली. आजच्या जाळ्यातील बहुतेक विसंगतींचे मूळ येथे सापडते.

रेल्वेपूर्व काळात किनारी जहाजे व बैलगाड्या यांवरच मालवाहतूक चाले. मरी नदीवर १८५३ मध्ये वाफेच्या बोटी सुरू झाल्या आणि लोकरीच्या गासड्या नदीमार्गे उतरू लागल्या. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात १८६० नंतर उंट आले. ते कराचीमार्गे आणले गेले आणि त्यांच्याबरोबर आलेले उंटवाले सरसकट ‘अफगाण’ म्हणून ओळखले गेले. प्रत्यक्षात त्यांत सिंध, बलुचिस्तान व पंजाब येथील माणसेही होती. अंतर्भागातील तारायंत्राची व पुढे लोहमार्गाची सामग्री त्यांच्याच काफिल्यांनी वाहिली.

रेल्वे : देशातील पहिली रेल्वे कोणती, याचे उत्तर निकषावर ठरते. न्यू कॅसल येथे १८३१ मध्ये कोळसा बंदरावर उतरविण्यासाठी उतारावर लोखंडी रूळ घातले गेले. टास्मानियात पोर्ट आर्थर येथे १८३६ च्या सुमारास लाकडी रुळांवरचे डबे कैद्यांकडून ढकलवून घेत आणि त्यांतून अधिकारी व पाहुणे प्रवास करीत. साउथ ऑस्ट्रेलियात गूल्वा ते पोर्ट एलियट हा घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा सार्वजनिक मार्ग मे १८५४ मध्ये खुला झाला. मरी नदीतून आलेला माल समुद्रापर्यंत नेणे हा त्याचा हेतू. बाष्प एंजिनाची पहिली गाडी १२ सप्टेंबर १८५४ रोजी मेलबर्न ते सँडरिज (आजचे पोर्ट मेलबर्न) धावली. कैद्यांच्या मार्गाला प्रवासी रेल्वे म्हणणे ओढूनताणून वाटते. सामान्यतः मेलबर्नचा मार्गच पहिला धरतात व ते सयुक्तिक आहे. सिडनी-पॅरामॅटा मार्ग सप्टेंबर १८५५ मध्ये सुरू झाला.

रुळांच्या मापाचा (गेजचा) वाद हा या इतिहासाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय. वसाहतींनी एकच माप स्वीकारावे आणि ते ४ फूट ८.५ इंच (१,४३५ मिमी.) असावे, असे ब्रिटिश वसाहतमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८४६ मध्येच सुचविले होते. सिडनी रेल्वे कंपनीचे अभियंते फ्रान्सिस शील्ड्स यांनी मात्र आयर्लंडमध्ये प्रचलित असलेल्या ५ फूट ३ इंच (१,६०० मिमी.) मापाचा आग्रह धरला. ते स्वतः आयरिश होते. वेतनकपातीवरून १८५० च्या अखेरीस त्यांनी पद सोडले. पण त्यांची शिफारस लंडनला पोहोचलेली होती. ती मान्य होऊन १८५२ मध्ये न्यू साउथ वेल्सने रुंद मापाचा कायदाही केला. व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया यांनी तेच माप धरले. दरम्यान शील्ड्स यांच्या जागी आलेले स्कॉटिश अभियंते जेम्स वॉलेस यांनी ४ फूट ८.५ इंच मापाचा पुरस्कार केला आणि १८५३ मध्ये न्यू साउथ वेल्सने आपलाच कायदा फिरविला. तोवर मेलबर्नच्या कंपन्यांनी एंजिने व डबे मागविले होते. व्हिक्टोरियाने निषेध नोंदविला, पण तो कागदावरच राहिला.

या घोळाचा दोष कोणाकडे जातो, यावर दोन मते आढळतात. जुन्या लेखनात दोन अभियंत्यांच्या, किंबहुना एका आयरिश व एका स्कॉटिश माणसाच्या, हट्टाची कहाणी रंगविलेली दिसते. ती सांगायला सोपी आहे. दुसऱ्या मतानुसार लंडन व सिडनी यांमधील टपालाला लागणारे महिने, कंपन्यांची आर्थिक ओढाताण आणि वसाहतींमधील चुरस ही खरी कारणे होत. १,४३५ मिमी. मापाची सामग्री ब्रिटनमध्ये सर्रास मिळे, हा वॉलेस यांच्या बाजूचा व्यवहारी मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. शिवाय न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेकडील रिव्हरीना प्रदेशाला सिडनीपेक्षा मेलबर्न जवळ पडे. तेथील लोकर व्हिक्टोरियाच्या एचुका स्थानकामार्गे (१८६४) मेलबर्नकडे जाऊ लागल्यावर सिडनीच्या बाजूने सवलतीचे मालभाडे लावून ती वळविण्याचे प्रयत्न झाले. सरहद्दीवर माप बदलत असल्याचे दुःख दोन्ही सरकारांना फारसे नसावे, असे अनुमान यावरून करता येते. माप निवडताना कोणी असा कावा केला होता, असे मात्र म्हणता येत नाही. तेव्हा दोन्ही मार्ग एकमेकांपासून शेकडो किमी. दूर होते.

तिसरे माप क्वीन्सलंडने आणले. इप्सविच ते बिग्झ कँप (आजचे ग्रँडचेस्टर) हा ३ फूट ६ इंच (१,०६७ मिमी.) मापाचा मार्ग ३१ जुलै १८६५ रोजी सुरू झाला. डोंगर चढताना तीव्र वळणे घेता यावीत व खर्च वाचावा, हा यामागील विचार. हा मुख्य लोहमार्गासाठी झालेला या मापाचा जगातील पहिला वापर असल्याचा उल्लेख वारंवार येतो. परंतु नॉर्वेत अभियंते कार्ल पिल यांनी त्याच मापाचा मार्ग १८६२ मध्ये बांधला होता, त्यामुळे तो दावा जपूनच घ्यावा लागतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया व टास्मानिया यांनीही अरुंद माप स्वीकारले. साउथ ऑस्ट्रेलियात तर १८७० पासून रुंद व अरुंद अशी दोन्ही मापे नांदू लागली.

परिणाम लवकरच दिसले. सिडनी व मेलबर्न यांचे मार्ग १८८३ मध्ये ऑल्बरी येथे भेटले, तेव्हा प्रवाशांना सामानासकट फलाटाच्या एका कडेच्या गाडीतून उतरून दुसऱ्या कडेच्या गाडीत बसावे लागे. त्यासाठी तेथे लांबलचक फलाट बांधला गेला. तो अजून आहे. प्रवासी चालत तरी जातात, माल हमालांनी हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळा व रसद यांची ही उतरचढ लष्कराची डोकेदुखी ठरली. साउथ ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे १९३७ पासून तिन्ही मापांचे रूळ एकत्र आले. मिरज स्थानकावर एके काळी रुंदमापी, मीटरमापी व अरुंदमापी गाड्या पाहिलेल्या वाचकांना त्या यार्डाची कल्पना सहज येईल. रुंद व प्रमाण (१,४३५ मिमी.) मापांत फरक अवघा १६५ मिमी. असल्याने तिसरा रूळ घालून दोन्ही गाड्या एकाच मार्गावरून नेणेही कटकटीचे होते. दोन रुळांचे पाये जवळजवळ एकमेकांना भिडत आणि सांधे बदलण्याची यंत्रणा किचकट होई. पुढे मालडबे उचलून त्यांखालील चाकांचे संच (बोगी) बदलण्याची पद्धत आली. तिने हमाली वाचली, वेळ पूर्णपणे वाचला नाही.

पूर्व व पश्चिम जोडणारा ट्रान्स-ऑस्ट्रेलियन लोहमार्ग हे संघराज्याचे पहिले मोठे काम. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला संघराज्यात आणताना या मार्गाची आशा दाखविली गेली होती. पोर्ट ऑगस्टा ते कॅलगुर्ली असा सु. १,६९३ किमी. लांबीचा हा मार्ग १९१२ मध्ये हाती घेण्यात आला आणि दोन्ही टोकांकडून आलेले रूळ १७ ऑक्टोबर १९१७ रोजी ऊल्डिया येथे जुळले. नलरबॉर पठारावर तो ४७८ किमी. एका सरळ रेषेत जातो. इतका लांब सरळ लोहमार्ग जगात अन्यत्र नाही. सबंध मार्ग एकही बारमाही नदी ओलांडत नाही. विंधनविहिरींचे क्षारयुक्त पाणी बाष्पकांची नासाडी करी, त्यामुळे १९५० नंतर लगेचच येथे डीझेल एंजिने आली. रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांच्या वस्त्यांना ‘टी अँड शुगर’ नावाची गाडी किराणा, पाणी व वेतन पोहोचवी. तिच्या एका डब्यात खाटकाचे दुकानच असे. ही गाडी १९९६ पर्यंत चालू होती.

माप एक करण्याच्या योजना रेल्वे प्रशासक हॅरल्ड क्लॅप यांच्या १९४५ च्या अहवालापासून मांडल्या गेल्या. प्रत्यक्ष काम टप्प्याटप्प्याने झाले. ऑल्बरी-मेलबर्न प्रमाणमापी मार्ग १९६२ मध्ये, तर सिडनी-पर्थ सलग मार्ग १९७० मध्ये पूर्ण झाला. त्यावरून ‘इंडियन पॅसिफिक’ ही गाडी सु. ४,३५२ किमी. धावू लागली. मेलबर्न-ॲडलेड मार्गाचे माप बदलण्यास १९९५ उजाडले. मध्य भागात अरुंदमापी रेल्वे १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचली होती, पण पुरात ती वारंवार वाहून जाई. १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा प्रमाणमापी मार्ग घातला गेला व २००४ मध्ये तो डार्विनपर्यंत गेला. राजधान्या अशा जोडल्या गेल्या, तरी मेलबर्न व ॲडलेडची उपनगरी रेल्वे आजही रुंदमापी, तर ब्रिस्बेन व पर्थची अरुंदमापी आहे.

वायव्येकडील पिल्बरा भागातील लोहखनिजाचे मार्ग खाण कंपन्यांचे खासगी आहेत. तेथे २१ जून २००१ रोजी ६८२ वाघिणी व ८ एंजिनांची ७.३ किमी. लांब गाडी चालविण्यात आली. २०१८ पासून काही गाड्या चालकाविना धावतात.

रस्ते : रेल्वेचे उत्पन्न बुडू नये म्हणून राज्यांनी १९३० च्या दशकात मालमोटारींवर परवाने व कर लादले. संविधानाच्या कलम ९२ नुसार राज्याराज्यांतील व्यापार पूर्णतः मुक्त असल्याने हे निर्बंध टिकतात काय, हा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयांत घोळत राहिला. १९५४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचे अखेरचे अपील न्यायालय) ह्यूझ अँड व्हेल खटल्यात आंतरराज्य मालमोटारींच्या बाजूने निर्णय दिला. रेल्वेचा माल रस्त्यावर गेला, तो मुख्यतः यानंतर. देशाला वळसा घालणाऱ्या महामार्गाला १९५५ मध्ये ‘हायवे १’ हा क्रमांक मिळाला. नलरबॉरवरचा एअर (Eyre) महामार्ग युद्धकाळात आखला गेला, पण त्याचे डांबरीकरण पूर्ण झाले १९७६ मध्ये. डार्विन-पोर्ट ऑगस्टा या स्ट्यूअर्ट महामार्गाचे त्याहून उशिरा, १९८७ मध्ये.

अंतर्भागात तीन-चार जोडगाड्या ओढणाऱ्या मालमोटारींना ‘रोड ट्रेन’ म्हणतात. काही मार्गांवर त्यांची लांबी ५३.५ मी.पर्यंत चालते. गुरांच्या वाहतुकीत त्यांनी गुराख्यांच्या पायवाटांची जागा घेतली. कांगारूंच्या धडकेपासून बचाव म्हणून पुढे जाड लोखंडी कठडा बसवितात. उत्तरेकडे पावसाळ्यात कच्चे रस्ते बंद असतात.

हवाई वाहतूक : क्वांटास ही कंपनी १६ नोव्हेंबर १९२० रोजी क्वीन्सलंडमध्ये स्थापन झाली, परंतु नियमित हवाई टपालसेवेत तिच्याआधी नॉर्मन ब्रिअर्ली यांच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियन एअरवेजचा क्रम लागतो. तिची जेराल्डटन-डर्बी सेवा ५ डिसेंबर १९२१ रोजी सुरू झाली; पहिल्याच दिवशी एक विमान कोसळून दोघे दगावले. क्वांटासची शार्लव्हिल-क्लॉनकरी सेवा २ नोव्हेंबर १९२२ ची.

जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १५ मे १९२८ रोजी क्लॉनकरी येथे उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. विमान क्वांटासकडून भाड्याने घेतले होते. ॲल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून चालविण्याचा रेडिओ तयार केल्यावर एकाकी पशुपालक कुटुंबेही डॉक्टरांशी बोलू शकली. १९४२ पासून त्यांच्या घरी क्रमांक घातलेल्या औषधांची पेटी ठेवण्याची प्रथा पडली. डॉक्टर रेडिओवरून औषधाचे नाव न सांगता बाटलीचा क्रमांक सांगत. एअर महामार्गाचे काही पट्टे आजही या विमानांच्या उतरण्यासाठी राखून रंगविलेले आहेत.

आंतरराज्य विमानसेवेची मक्तेदारी सरकारला घेता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने १९४५ मध्ये कलम ९२ च्याच आधारे ठरविले. सरकारी टीएए (ट्रान्स-ऑस्ट्रेलिया एअरलाइन्स) व खासगी एएनए (ऑस्ट्रेलियन नॅशनल एअरवेज; १९५७ पासून ॲन्सेट) अशा दोन कंपन्यांपुरते क्षेत्र मर्यादित ठेवणारे ‘दोन विमानकंपन्यांचे धोरण’ १९५२ मध्ये आले. त्यात दोहोंची विमाने, भाडी आणि पुष्कळदा सुटण्याच्या वेळाही सारख्याच असत. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी ते संपुष्टात आले. सप्टेंबर २००१ मध्ये ॲन्सेट बुडाली. मेलबर्न-सिडनी हा जगातील सर्वांत वर्दळीच्या हवाई मार्गांपैकी एक आहे.

टास्मानियात नियमित प्रवासी रेल्वे १९७८ मध्ये बंद झाली, मालगाड्या चालतात. बेटाचा मुख्य भूमीशी संबंध विमानांनी व बास सामुद्रधुनीतील फेरीबोटींनी राहतो. डेव्हनपोर्टहून सुटणारी मोटारवाहू फेरी पूर्वी मेलबर्नला जाई, २०२२ पासून ती जिलाँगला लागते.