सगळं वस्तुमान हिग्जमुळे? छे!

२०१२ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला तेव्हापासून "सगळ्या वस्तूंना वस्तुमान हिग्ज देतो" हे फिरतंय, आणि ते बरंचसं चुकीचं आहे. प्रोटॉनचंच घ्या ना, त्याचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), आणि आतल्या दोन अप नि एका डाऊन क्वार्कचं (क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्या आतले मूलकण), म्हणजे जे हिग्जच्या खात्यात जातं ते, मिळून जेमतेम ९, म्हणजे १ टक्काच की! बाकीचं सगळं स्ट्राँग फोर्सचं, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलाचं: ते बल वाहणाऱ्या ग्लुऑन फील्डची एनर्जी, कोंडलेल्या क्वार्कची धावपळ वगैरे. आणि व्हॅक्यूम म्हणजे रिकामी जागा हेही डोक्यातून काढा, तिथे क्वार्क-अँटिक्वार्क (क्वार्क आणि त्याचा प्रतिकण) जोड्यांचं कंडेन्सेट, म्हणजे सगळीकडे भरून राहिलेला थर, असतं, त्यामुळे हलका क्वार्कसुद्धा ३०० एमईव्हीच्या आसपास जड असल्यासारखा वागतो. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान मात्र खरंच हिग्जचं.