पुण्यातल्या बायकांनी लिहून ठेवलेलं ऋण

पुण्यातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगायला बसलं की पुरुषांची नावं भराभर येतात: जोतीराव, न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, अण्णासाहेब कर्वे. ती यायलाच हवीत. मात्र या इतिहासातल्या बायकांनी स्वतः कुणाचं ऋण मानलं, ते पाहिलं तर वेगळीच साखळी हाती लागते. अर्पणपत्रिका, खासगी पत्रं, आठवणी, एखादी कविता अशा ठिकाणी हे ऋण नोंदलेलं आहे. ८ मार्चला गुलाब वाटून झाले की ही कागदपत्रं वाचण्यासारखी आहेत.

सुरुवात सगुणाबाई क्षीरसागरांपासून करावी लागते. जोतीराव तान्हे असताना आई गेली, त्यांना वाढवलं ते या मावसबहिणीने. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला होत्या. इंग्रजी कानावर पडत होतं, शिक्षणाचं मोल कळत होतं. सावित्रीबाई त्यांना ‘आऊ’ म्हणत. पुढे त्यांनी आऊवर कविता केली. ती कष्टाळू आहे, मायाळू आहे, तिच्यापुढे सागरही उथळ वाटावा, अशा भावाची. सावित्रीबाईंच्या कवितांमधली ही सर्वांत साधी आणि सर्वांत खरी, असं माझं मत. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्या बाईचे आभार असे उघड मानावेत, हे त्या काळात नवलाचंच.

दुसरं ऋण नगरचं. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार तिथे मुलींची शाळा चालवत. ती शाळा पाहून आपल्याला मुलींच्या शाळेची कल्पना सुचली, असं खुद्द जोतीरावांनीच सांगितलं आहे. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये झालं. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात शाळा सुरू झाली, त्याआधी इतक्या बायकांचे हात लागलेले होते.

आणि फातिमा शेख. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे: माझ्या माघारी तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. एवढंच. सहकारी शिक्षिकेविषयी एका ओळीत याहून जास्त काय सांगायचं? आपल्या माघारी काम कोण ओढतंय, याची जाणीव त्यात आहे. त्याच सुमारास फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता (१८५५). या बायकांच्या शिकवण्याचा पुरावा हवा असेल तर तो निबंध पुरेसा आहे. भिडेवाड्याची जुनी वास्तू २०२३च्या डिसेंबरमध्ये पाडली गेली, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. आऊ आणि फातिमा यांची नावं त्यात ठळक अक्षरांत असावीत, कोपऱ्यातल्या फलकावर नकोत.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी मागे, जंगलात नेते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाची बोलणी खाल्ली आणि रानात बिऱ्हाड केलं. हे सगळे सांगतात. त्या लक्ष्मीबाईंनी मग मुलीला शिकवलं, ते पहाटे अंधारात उठवून, दिवसाचं काम अंगावर यायच्या आत. पुढे दुष्काळात आईवडील दोघेही गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका तयार करा, बायकांना वैद्यकीचं शिक्षण द्या, अशी मागणी केली. १८८७ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघालं. त्याची अर्पणपत्रिका आहे आई लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या नावे: तिचा प्रभाव आणि तिचं शिकवणं हाच माझ्या आयुष्याचा दिवा, अशा शब्दांत. बाहेरच्या जगाला वडिलांचं बंड दिसलं, मुलीला आईची पहाट आठवली.

दुसऱ्या रमाबाई, म्हणजे रानड्यांच्या. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. नवऱ्याने शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते सहन होईना. टोमणे, अबोला, मुद्दाम लावलेली कामं, सगळं त्यांच्या आठवणींत आहे. म्हणजे बाईच्या वाटेत बाईच उभी होती, हेही त्यांनी लपवलेलं नाही. कृतज्ञतेच्या लेखांतून ही बाजू सहसा गाळली जाते. त्यांना इंग्रजी शिकवायला मिस हर्फर्ड येत, आणि याच हर्फर्डबाई पुण्यात पंडिता रमाबाईंनाही शिकवायला जात. दोन्ही रमाबाईंच्या वाटा पुढे पार वेगळ्या झाल्या, शिकवणारी एकच होती. १८८४ मध्ये पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेत मुलींचं हायस्कूल उभं राहिलं, तीच हुजूरपागा. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं. पांढरपेशा घरातली बाई परक्या पुरुषाची सेवा करणार, ही कल्पनाच तेव्हा लोकांना झेपत नव्हती. पगारी नोकरी करणाऱ्या पुणेरी बाईच्या इतिहासात सेवासदनाचं पान मोठं आहे आणि वाचलं जातं फार कमी.

आनंदीबाई जोशींचं ऋण तर सातासमुद्रापलीकडे गेलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, पोटच्या मुलीसारखं वागवलं. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि बाईंनी ती न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. मराठीत आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं काशीबाई कानिटकरांनी, म्हणजे पुन्हा एका बाईनेच.

आता कर्व्यांच्या घरात येऊ, कारण धागा तिथेच जातो. पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेलं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. ११ मार्च १८९३ रोजी तिने अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया, झाली. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादात सदन सापडलं. रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याने पंडिता रमाबाईंचे आभार मानायचं टाळलं, ते तेव्हापासून. पण १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्यांच्या घरात शारदा सदनात शिकलेली बाई होती, हे विसरून कसं चालेल?

आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला. अण्णांचं सगळं लक्ष, आणि बहुतेक पैसाही, तिकडे. घर चालवायचं कसं? बायांनी सुईणीचं शिक्षण घेतलं, संसार ओढला, वर आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. आत्मकथनात त्यांनी या ओढाताणीविषयी चांगलंच खरमरीत लिहिलं आहे, आणि ते वाचताना अण्णांबद्दलचा आदर कमी होत नाही, फक्त हिशेब पुरा होतो. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, आश्रमासाठी गावोगाव फिरली. पन्नाशीकडे झुकताना त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करत इंग्रजी शिकल्या. १९१६ मध्ये हिंगण्याला पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झालं. ते उभं राहीपर्यंत आश्रमाची झोळी ज्यांनी फिरवली, त्यांत या दोघी बहिणी होत्या.

बायांची सून इरावती. ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. रँग्लर परांजप्यांच्या पत्नीने तिला आपल्या मुलीबरोबर घरी ठेवून घेतलं, आणि त्या घरातली पुस्तकं, गप्पा, वाद यांत ती वाढली. पुढे बर्लिनची मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेज. इरावतीबाईंच्या बुद्धीचं कौतुक करताना रँग्लरांचं नाव हमखास निघतं. दुसऱ्याच्या लेकीला ताटात आणि घरात जागा देण्याचा निर्णय मात्र त्या माउलीचा होता.

हीच गोष्ट पेठांतल्या स्वयंपाकघरांची. वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी गरीब मुलं शिकून मोठी झाली. चरित्रांत वार सांगितले जातात ते यजमानांच्या नावावर: सोमवार अमक्या वकिलांकडे, मंगळवार तमक्या मास्तरांकडे. चूल कोण फुंकत होतं आणि मुलाच्या पानात जरा जास्त कोण वाढत होतं, ते वाचकाने ओळखायचं. नंतर विधवांनी चालवलेल्या खाणावळी आल्या, मग मेस, मग डबे. सदाशिव-नारायणात राहून परीक्षा दिलेल्या पिढ्यांना त्या बायकांची नावं अजून आठवतात. ती कुणी लिहून घेतली, तर वरच्या यादीत पुष्कळ भर पडेल.