बोट, ओटीपी आणि लॉगिन : विदर्भाच्या खेड्यांत सायबर धोका कसा आला

कापूस वेचून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, अशा बायांना पैसे काढायला बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, टेबलावरच्या आधारच्या यंत्रावर दोन-तीनदा बोट ठेवावं लागतं. "उमटत नाही मावशी, परत लावा," असं तो म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण कधी पहिल्याच खेपेला पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा निघतात. मावशीच्या हातात एकाच वेळचे पैसे पडतात. स्क्रीन तिच्याकडे वळवलेली नसते, पावती मिळत नाही आणि मिळाली तरी वाचता येत नाही. गावातल्या सायबर फसवणुकीची गोष्ट मी इथूनच सुरू करीन, कारण पुढचे सगळे प्रकार याच अंतरातून आले आहेत. व्यवहार एकीचा आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात.

बँकेने गावात आपला प्रतिनिधी नेमावा, ही मुभा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये दिली. २०१० पासून आधार आलं, २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन खाती सुरू झाली. मग एकाच वर्षात सगळं अंगावर आलं. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. मेळघाटातल्या हरिसालला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं गेलं, तेही त्याच वर्षी. खातं आलं, फोन आला. तो वापरायला शिकवणारं मात्र कुणी आलं नाही.

सुरुवातीचे चोर फोन करून "तुमचं एटीएम बंद पडलं" म्हणत आणि कार्डावरचे आकडे विचारत. लोक शहाणे झाले तसा चोर अंगठ्याकडे वळला. जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनची बोटं बनवल्याची प्रकरणं देशात अनेक ठिकाणी उघड झाली. त्यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत माणसाचं आहे की नाही हे ओळखणारी तपासणी सुरू केली. आधारमधलं बायोमेट्रिक स्वतः लॉक करता येतं, पण ही सोय गावात कितीजणांना कुणी सांगितली?

यापुढचा प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण तो योजनांच्या पाठीवर बसून येतो. पीएम किसान २०१९ ला आली, नमो शेतकरी २०२३ ला, लाडकी बहीण २०२४ ला. हप्त्याची तारीख जवळ आली की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर योजनेच्या नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल फिरू लागते. ती टाकून घेतली की फोनमधले मेसेज परस्पर चोराकडे जातात, त्यात ओटीपीही. ग्रुपवर ती बहुधा ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून आलेली असते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. दुसरीकडे सरकारी कामंही अ‍ॅपवरच आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पेऱ्याची नोंद फोनवरून, मग फार्मर आयडी आणि २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस विकायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी. अ‍ॅप घ्या, ओटीपी सांगा, हे शेतकऱ्याला आपणच शिकवलं. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे त्याने कशावरून ओळखायचं? तो फसला की त्याला अडाणी म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

आता तर फसायला माणसाला काही करावंही लागत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. २०२५ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या लॉगिनवर २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी सापडल्या. गावची वस्ती दीड हजाराच्या आसपास. एका ग्रामपंचायतीचा पासवर्ड काय किमतीचा असतो, हे त्या दिवशी कळलं.

पुढचा धोका आवाजाचा आहे. काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून कुणाचाही आवाज बनवता येतो. पुण्यात कामाला गेलेल्या पोराचा आवाज वऱ्हाडीत "बाबा, दवाखान्यात हावो, पैसे धाडा" म्हणाला, तर बाप शंका घेणार नाही.

नियम सुधारत आहेत. १ जानेवारी २०२६ पासून आधारवर पैसे देणाऱ्या प्रतिनिधींची कडक पडताळणी बँकांवर बंधनकारक झाली. पैसे गेले की लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर ते मधेच अडवता येतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाचं नुकसान शून्य धरलं जातं. मावशीच्या खात्याला नंबर पोराचा जोडलेला आहे. मेसेज पुण्यात जातो, पासबुक भरायला ती तालुक्याला जाते ते कापूस विकल्यावर.