ट्रायकोमोनास संसर्ग : नव्या औषधांचा शोध

ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस या एकपेशीय, कशाभिकायुक्त परजीवीमुळे जननमार्गात व मूत्रमार्गात होणारा आणि लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयोगटात याची सुमारे १५.६ कोटी नवी प्रकरणे झाली. त्याच वर्षीचे क्लॅमिडिया (१२.९ कोटी), परमा (८.२ कोटी) व उपदंश (७१ लाख) यांचे अंदाज याहून कमी आहेत. असे असूनही गेली साठाहून अधिक वर्षे या रोगाचा औषधोपचार ५-नायट्रोइमिडॅझोल या एकाच रासायनिक कुळावर (मेट्रोनिडॅझोल व त्याची भावंडे) उभा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने चागस रोगासारख्या पाच दुर्लक्षित परजीवी संसर्गांच्या यादीत याचा समावेश केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत मात्र तो नाही.

शोध व नाव : आल्फ्रेड दॉने यांनी १८३६ मध्ये पॅरिसमध्ये स्त्रियांच्या ताज्या योनिस्रावात हा जीव पाहिला. पुढचा भाग ‘मोनास’ या सूक्ष्मजीवासारखा आणि केसाळपणा ‘ट्रायकोडीस’ या सूक्ष्मजीवासारखा वाटल्याने त्यांनी दोन्ही नावे जोडली. नावाचे आजचे रूप एरेनबेर्ग यांनी १८३८ मध्ये दिले. तो रोगकारक आहे की निरुपद्रवी सहवासी, हा वाद मात्र शतकभर चालला. खुद्द दॉने यांचे मत डळमळीत राहिले. क्योलिकर व स्कान्झोनी यांनी १८५५ मध्ये तो निरुपद्रवी ठरवला. १९४० मध्ये ट्रसेल व प्लास यांनी जंतुविरहित शुद्ध संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेले परजीवी) वापरून केलेल्या रोपण-प्रयोगांनंतर रोगकारकतेचा पक्ष भक्कम झाला, असे मानणे योग्य ठरेल. औषधांचा गंभीर शोध त्यानंतरचा आहे, हा योगायोग नव्हे. मूळ यजमानाविषयी अलीकडच्या जनुकीय तुलनांचा कल असा, की हा परजीवी कबुतरवर्गीय पक्ष्यांत आढळणाऱ्या ट्रायकोमोनास जातींना फार जवळचा आहे. त्याने मानवात केव्हा प्रवेश केला याचे कालनिर्णय अद्याप सैलच आहेत.

मेट्रोनिडॅझोलचा उगम : जपानमध्ये १९५३ साली एका सूक्ष्मजीवापासून ॲझोमायसिन हे २-नायट्रोइमिडॅझोल वेगळे काढले गेले आणि काही वर्षांत त्याची ट्रायकोमोनासविरोधी क्रिया लक्षात आली. फ्रान्समधील रोन-पुलांक कंपनीने नायट्रो गट पाचव्या स्थानी असलेली संयुगे बनवून त्यांतून मेट्रोनिडॅझोल निवडले. १९५९ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९६० च्या सुमारास ते ‘फ्लॅजिल’ नावाने वापरात आले. त्याआधी स्थानिक लेप व योनी धुण्याची द्रावणे यांवरच भागवावे लागे. त्यांनी लक्षणे ओसरत, पण मूत्रमार्गातील व ग्रंथींतील परजीवी तसाच उरे.

क्रिया व प्रतिरोध : या परजीवीत तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके) नसतात. त्यांच्या जागी हायड्रोजनोसोम हे अंगक असते. त्यात पायरुव्हेटच्या विघटनातून सुटणारे इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन हे प्रथिन वाहून नेते. मेट्रोनिडॅझोल स्वतः निष्क्रिय असते. त्याच्या नायट्रो गटाने हे इलेक्ट्रॉन स्वीकारले की नायट्रो-मूलक (अतिक्रियाशील रेणू) तयार होतो आणि तो डीएनए व प्रथिने मोडतो. तिथे प्राणवायू असेल तर तो मूलकाकडून इलेक्ट्रॉन परत हिरावून घेतो आणि औषध पुन्हा निष्क्रिय रूपात जाते. प्रतिरोधाचे दोन प्रकार याच रचनेतून निघतात. ‘ऑक्सिजीवी’ प्रतिरोधात परजीवीची प्राणवायू काढून टाकण्याची क्षमता घटते, म्हणून औषध सक्रिय होत नाही. रुग्णांत आढळतो तो बहुधा हाच. ‘अनॉक्सिजीवी’ प्रतिरोधात इलेक्ट्रॉन पुरवणारी साखळीच बंद पडते; तो प्रयोगशाळेत औषधाच्या वाढत्या मात्रा देऊन घडवता येतो.

फेरेडॉक्सिन निर्णायक आहे का, यावर मतभेद आहेत. २००४ मध्ये त्याचे एक जनुक काढून टाकूनही परजीवी प्रतिरोधी झाला नाही. २००७ मध्ये संपूर्ण जीनोम (सुमारे १६ कोटी बेस-जोड्या, त्यातील दोन-तृतीयांश पुनरावृत्त) वाचला गेला, तेव्हा फेरेडॉक्सिनची आणखी जनुके आढळली आणि तो निष्कर्ष अंशतः उलगडला. दुसरा पक्ष थायोरेडॉक्सिन रिडक्टेज व फ्लेविन रिडक्टेज या एंझाइमांना महत्त्व देतो. रुग्णांकडून मिळालेल्या प्रतिरोधी वाणांत (परजीवीच्या उपप्रकारांत) फ्लेविन रिडक्टेज १ ची क्रिया घटलेली वारंवार दिसते, त्यामुळे या पक्षाचे पारडे सध्या जड वाटते. औषधशोधाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच : टिनिडॅझोल व सेक्निडॅझोल यांनाही हीच इलेक्ट्रॉन-वाट लागते. टिनिडॅझोल कमी मात्रेत परिणाम करते व शरीरात अधिक काळ टिकते, म्हणून काही रुग्णांत गुण येतो. पण ती वाट बंद झाली की सगळे कुळच निकामी होण्याचा धोका राहतो.

सद्यःस्थितीतील उपचार : स्त्रियांना मेट्रोनिडॅझोल ५०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, ७ दिवस. पूर्वी २ ग्रॅमची एकच मात्रा देत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत एका मात्रेनंतर १९ टक्के, तर सात दिवसांनंतर ११ टक्के स्त्रियांत परजीवी पुन्हा आढळला. पुरुषांना अद्याप २ ग्रॅमची एक मात्रा देतात. जोडीदाराला एकाच वेळी औषध दिले नाही तर पुनःसंसर्ग होतो आणि तो औषधाचा पराभव समजला जातो. नव्या औषधाच्या चाचणीतही हीच गफलत निकाल बिघडवते. खऱ्या प्रतिरोधात मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल रोज २ ग्रॅम, ७ दिवस देतात. तेही हरले तर टिनिडॅझोल पोटातून व योनिमार्गे असे १४ दिवस, किंवा त्याच्या जोडीला पॅरोमोमायसिनचे ६.२५ टक्के मलम वापरतात. या मलमाने योनीच्या अस्तराला जखमा होऊ शकतात. बोरिक ॲसिडच्या योनिमार्गे ठेवायच्या कॅप्सूलांनी काही रुग्णांत गुण आल्याच्या नोंदी आहेत. तेच गिळले गेल्यास प्राणघातक ठरू शकते. या कुळाची ॲलर्जी असलेल्या स्त्रीपुढे तर औषधाची सवय हळूहळू लावून घेण्यापलीकडे खात्रीचा मार्ग नाही. नव्या औषधाची खरी निकड तिलाच आहे.

प्रयोगशाळेतील चाळणी : परजीवी डायमंड यांच्या पोषक माध्यमात (ट्रिप्टोन, यीस्ट-अर्क, माल्टोज, उष्णतेने निष्क्रिय केलेले सीरम, सामू सुमारे ६) ३७° से. तापमानाला वाढवतात. ९६ खळग्यांच्या तबकडीत औषधाची दर खळग्याला निम्मी होत जाणारी मात्रा घालतात, ठरावीक संख्येने परजीवी सोडतात आणि ४८ तासांनी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा पाहतात. जिवंत परजीवी झटके देत, अडखळत, गिरक्या घेत फिरतो आणि त्याच्या कडेचे तरंगपटल लहरत राहते. ज्या सर्वांत कमी मात्रेला एकही हलता परजीवी उरत नाही ती ‘किमान मारक मात्रा’. मेट्रोनिडॅझोलसाठी हवेच्या सान्निध्यात ही मात्रा मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम आल्यास सौम्य, २०० आल्यास मध्यम आणि ४०० वा अधिक आल्यास तीव्र प्रतिरोध धरतात. अमेरिकेतील सहा शहरांतून घेतलेल्या ५३८ वाणांपैकी ४.३ टक्के वाणांत असा प्रतिरोध आढळला होता.

चुका बहुधा पुढील ठिकाणी होतात. तबकडी हवाबंद राहिली तर ऑक्सिजीवी प्रतिरोध दिसतच नाही आणि वाण संवेदनक्षम ठरतो. कडेच्या खळग्यांतले पाणी उडून मात्रा वाढते. न हलणारा परजीवी मेलेलाच असतो असे नाही, म्हणून शेवटच्या खळग्यांतील थेंब ताज्या माध्यमात टाकून पाहावा लागतो. रुग्णाकडून आलेल्या वाणात जिवाणू व यीस्ट असतात, ते प्रतिजैविकांनी काढता येतात. पण मायकोप्लाझ्मा होमिनिस परजीवीच्या आतच राहतो आणि पेशीभित्ती नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाही. काही वाणांत दुपेडी आरएनए विषाणूही असतात. औषधाने परजीवी फुटला की ते बाहेर पडतात व दाह वाढवू शकतात; केवळ मारक मात्रा मोजणाऱ्या चाळणीत हे कळत नाही. योनीतील लॅक्टोबॅसिलस जिवाणूंना धक्का लागत नाही ना, हेही स्वतंत्रपणे तपासावे लागते. मेट्रोनिडॅझोल या कसोटीला उतरते, आणि नव्या संयुगांपैकी अनेकांची गळती इथेच होते.

कुळाबाहेरचे उमेदवार : सांधेदुखीवरचे सोनेयुक्त औषध ऑरानोफिन थायोरेडॉक्सिन रिडक्टेज बंद पाडते व प्रतिरोधी वाणांनाही मारते, सीरमच्या प्रथिनांना ते चिकटत असल्याने माध्यमातील सीरमच्या प्रमाणानुसार आकडे बदलतात. परजीवीच्या प्रोटिअसोमला (पेशीतील नको असलेली प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेला) निवडून रोखणारी संयुगे हा दुसरा, आमच्या मते सर्वांत आशादायक मार्ग, कारण त्याला नायट्रो गट लागत नाही. मात्र मानवी प्रोटिअसोमशी असलेले साम्य ही त्यातली अडचण आहे. परजीवी प्युरिने (डीएनए व आरएनएचे घटक) स्वतः बनवू शकत नाही, यजमानाकडून घेतो, म्हणून ती उचलणारी एंझाइमे लक्ष्य ठरतात. ट्रायफ्लुओरोमिथिओनिन हे संयुग परजीवीच्या मिथिओनिन गॅमा-लायेज या एंझाइमानेच विषारी बनते. हे एंझाइम मानवात नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शुक्रजंतू व ट्रायकोमोनास दोन्ही निष्प्रभ करणाऱ्या, थायोल (गंधकयुक्त) गटांवर काम करणाऱ्या संयुगांवर संशोधन झाले आहे. नायटाझोक्सानाइडने परीक्षानळीत आशा दाखवली, पण रुग्णांत ते टिकले नाही.

प्राणी-प्रतिमान (औषध आधी तपासण्यासाठी संसर्ग घडवलेला प्राणी) हा कच्चा दुवा आहे. या परजीवीचा नैसर्गिक यजमान केवळ मानव. उंदरिणीच्या योनीचा सामू जवळजवळ उदासीन असतो (निरोगी स्त्रीत ३.८ ते ४.५), म्हणून तिला आधी इस्ट्रोजेन व लॅक्टोबॅसिलस द्यावे लागतात, आणि तरीही संसर्ग टिकेलच असे नाही. त्याऐवजी गुरांतील ट्रायट्रायकोमोनास फीटस वापरतात. तो सहज रुजतो, पण ती जात वेगळी आहे.

मानवी चाचण्या : सेक्निडॅझोलच्या २ ग्रॅमच्या एका मात्रेला अमेरिकेत २०२१ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली, १४७ स्त्रियांच्या चाचणीत औषधाच्या गटात ९२.२ टक्के बऱ्या झाल्या, निष्क्रिय मात्रेच्या (औषध नसलेल्या) गटात १.५ टक्के. तेही जुन्याच कुळातले. गरोदरपणात संसर्ग व अकाली प्रसूती यांचा संबंध दिसतो. तरी लक्षणे नसलेल्या गरोदर स्त्रियांना मेट्रोनिडॅझोल दिलेल्या २००१ च्या चाचणीत अकाली प्रसूतीचे प्रमाण निष्क्रिय मात्रेच्या गटात १०.७, तर औषधाच्या गटात १९ टक्के होते. तिथल्या मात्रा नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावू नये, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

भारतात सेक्निडॅझोल २ ग्रॅम व फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ. असलेला हिरवा संच (संच क्र. २) राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मधून दिला जातो, महाराष्ट्र व गोव्यातही तोच. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर, लक्षणांवरून, तो देता येतो. सलाइनच्या थेंबातील स्राव सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहिला नाही तर परजीवी थांबतो व ओळखू येत नाही. ही तपासणी तातडीने केली तरी निम्म्याच्या आसपास रुग्ण सापडतात. स्राव थांबला नाही तर कारण ट्रायकोमोनास होता की अन्य काही, प्रतिरोध होता की जोडीदाराकडून पुनःसंसर्ग, हे संचावरून कळत नाही. त्यासाठी संवर्ध किंवा न्यूक्लिइक आम्ल तपासणी (परजीवीचे जनुकीय द्रव्य शोधणारी) हवी, आणि न्यूक्लिइक आम्ल तपासणी उपचारानंतर तीन आठवड्यांच्या आत करू नये. मेलेल्या परजीवींचे अवशेष तोवर होकारार्थी निकाल देऊ शकतात.