खवले मांजर

खवले मांजर हा मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारा, जवळजवळ सर्वांगावर खवले असलेला निशाचर सस्तन प्राणी आहे. नावात मांजर असले तरी तो मांजराच्या कुलातला नाही, आणि खवल्यांमुळे सरड्याघोरपडीच्या जवळचा वाटला तरी तो सरपटणारा प्राणीही नाही. भारतात सर्वदूर आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव मॅनिस क्रॅसिकॉडाटा असून त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘जाड शेपटीचे’ असा होतो. ही जाती श्रीलंका, नेपाळ आणि पाकिस्तानातही आहे. ईशान्य भारतात तिच्याखेरीज चिनी खवले मांजरही आढळते. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर, त्याचा वावर असला तरी ते रात्री बाहेर पडत असल्याने जंगलालगतच्या गावांतही ते फार थोड्यांनी पाहिलेले असते.

एखादा प्राणी कोणत्या गटात बसतो हे ठरवताना केवळ रूपावर विसंबले तर कशी फसगत होते, हे शिकण्यासाठी खवले मांजरासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. खवले असूनही त्याच्या पोटावर, गळ्याशी आणि पायांच्या आतल्या बाजूस विरळ केस असतात, ते उष्ण रक्ताचे आहे आणि मादी पिलाला दूध पाजते. म्हणून त्याचा वर्ग सस्तन प्राण्यांचा, यात शंका राहत नाही. अडचण येते ती त्यापुढे, गण ठरवताना. १७५८ साली कार्ल लिनियस यांनी मॅनिस ही प्रजाती हत्ती, स्लॉथ आणि दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊ यांच्यासह एकाच गणात घातली होती. पुढे दीर्घकाळ त्याला दात नाहीत म्हणून ‘दंतहीन’ प्राण्यांत गणले गेले. वास्तविक दात नसणे आणि जीभ लांब असणे ही मुंग्या खाण्याच्या सवयीतून आलेली साम्ये आहेत. नात्याने दूर असलेल्या प्राण्यांतही सारख्या राहणीमुळे अशी सारखी लक्षणे स्वतंत्रपणे विकसित होतात. आज खवले मांजरांसाठी फोलिडोटा हा स्वतंत्र गण आणि मॅनिडी हे कुल मानले जाते. त्यात रूढ वर्गीकरणानुसार आठ जाती असून चार आशियात आणि चार आफ्रिकेत आहेत. डीएनएच्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट अधिक विलक्षण आहे: या गणाचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग मांसभक्षी गणातले, म्हणजे वाघ, कुत्रा, अस्वल आणि मांजरही. लोकांनी दिलेल्या नावात असे नकळत थोडे तथ्य निघाले, तरी ते नाते कित्येक कोटी वर्षांपूर्वीच्या सामाईक पूर्वजाचे आहे.

त्याचा एक खवला जवळून पाहिला तर तो रुंद, कडेला धारदार, मळकट पिवळसर तपकिरी दिसतो आणि त्यावर बारीक उभ्या रेषा असतात. कोकणातल्या घरावर कौले जशी एकावर एक येतात, तसे हे खवले पाठीवर आणि शेपटीवर रचलेले असतात. ते केराटिनचे, म्हणजे ज्या पदार्थाची आपली नखे आणि केस बनतात त्याच पदार्थाचे असतात. नवजात पिलाचे खवले मऊ असतात व काही दिवसांत ते कडक होऊ लागतात. मादीला बहुधा एका वेळी एकच पिलू होते, आणि बिळाबाहेर पडताना ते आईच्या शेपटीच्या बुडाशी पाठीवर पालथे पडून, खवल्यांना घट्ट धरून प्रवास करते.

पुढच्या पायांच्या लांब, वाकड्या नखांनी ते वारूळ फोडते आणि चिकट लाळेने माखलेली जीभ आतल्या फटींत सारून वाळवी, मुंग्या आणि त्यांची अंडी ओढून घेते. जिभेचे मूळ तोंडात नसून छातीच्या पिंजऱ्याच्या मागील टोकाजवळ असते. चावण्यास दात नसल्याने गिळलेले भक्ष्य जठरातच दळले जाते आणि त्या कामी सोबत पोटात गेलेली वाळू व खडे उपयोगी पडतात. दिवसा ते बिळात झोपते. आत गेल्यावर अनेकदा बिळाचे तोंड मातीने बुजवून घेते, त्यामुळे शेजारून जाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

धोक्याची चाहूल लागताच ते डोके पोटाशी घेऊन, वरून शेपटी लपेटून घट्ट गोळा होते. बिबट्यालाही हा गोळा उलगडणे सोपे नसते. माणसापुढे मात्र हाच बचाव घातक ठरतो, कारण पळून न जाणारा प्राणी हाताने उचलून पोत्यात घालता येतो. खवल्यांना औषधी गुण असल्याची समजूत आणि त्यातून उभा राहिलेला चीन व व्हिएतनामकडचा चोरटा व्यापार हे शिकारीचे मोठे कारण आहे. मांसासाठीही ते मारले जाते. खवला नखाच्याच पदार्थाचा असल्याने त्यातून रोग बरा होण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. आपल्याकडे गुप्तधनाच्या आणि ‘पैशाचा पाऊस’ पाडण्याच्या भोंदूगिरीपायीही त्याचा बळी गेला आहे, ही अत्यंत क्लेशकारक गोष्ट आहे.

भारतीय खवले मांजर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने शिकारीस किमान ३ आणि कमाल ७ वर्षांच्या कारावासाची शिक्षा होऊ शकते. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या २०१६ च्या परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले, आणि २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधीकोशाच्या मुख्य यादीतून खवले वगळले.

कायद्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व गावकऱ्यांच्या नजरेला आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने कोकणातील गावांत सभा घेऊन, बिळांची माहिती गोळा करून आणि बिळांसमोर स्वयंचलित कॅमेरे लावून खवले मांजराच्या संरक्षणाचे काम चालवले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे गावात २०२० साली जागतिक खवले मांजर दिनी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, ‘खवलोत्सव’ साजरा झाला, आणि त्यात खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून वाजतगाजत नेण्यात आली. गावाजवळ हा प्राणी दिसल्यास त्याला हात न लावता वन विभागाला कळवावे. पिंजऱ्यात त्याला जगवणे फार अवघड जाते, कारण वाळवी आणि मुंग्यांचा त्याचा रोजचा आहार माणसाला सहजी पुरवता येत नाही.